पानं चाळायचं काम

थोरलीची नखं बारा महिने निळसर असायची. लिंबांवरच्या खैऱ्या रोगासाठी चुना आणि मोरचूद कालवून ती स्वतः फवारायची, आणि तो रंग घासून काढायच्या भानगडीत पडायची नाही. दिसू दे सगळ्यांना, कोण राबतं ते. लोक तिला मोरचूदबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

बाग एकत्र होती तेव्हा कामं तिनंच वाटली होती. फवारा स्वतःकडे आणि पानं चाळायचं काम धाकट्या जावेकडे. कोवळी पालवी फुटली की नागअळी पानाच्या पापुद्र्याखाली शिरते आणि आतून पोखरत जाते, वर चंदेरी नागमोडी रेघ उमटते. धाकटी रोज सकाळी अशी पानं चिमटीत दाबायची, अळी फार झाली तर तिचं औषध मारायची. थोरलीच्या लेखी हे कामच नव्हतं. अळी पान खाते, लिंबू थोडंच खाते? एकदा पाहुण्यांसमोर ती म्हणालीही, "आमच्या धाकटीला पानं कुरवाळण्यापलीकडे काही येत नाही."

पाहुणे हसले. धाकटी हसली नाही. वर्ष सरायच्या आत बागेच्या मधोमध कुंपण उभं राहिलं आणि बोलणं बंद झालं. एवढ्याशा शब्दावरून कुणी वेगळं होतं का, असं थोरली ज्याला त्याला विचारत सुटली. होतात की. याहून कमी कारणावरून होतात.

पुढे तिच्या झाडांवर खैऱ्या उतरला. पानांवर, डहाळ्यांवर, फळांवर खरबरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं कडं. थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंगात ताप असताना पंप पाठीवर घेतला होता तिनं, एक फवारा चुकवला नव्हता. आणि पलीकडची ती, मोरचुदाला बोट न लावणारी! तिच्याही झाडांवर ठिपके दिसत होते. झालं, खापर फोडायला डोकं सापडलं.

"तिची झाडं तोडायला लावते की नाही बघा," ती नवऱ्याला म्हणाली.

"अगं, माझ्या भावाची बाग आहे ती."

"भाऊ तुमचा. लिंबं माझी."

तिनं बागांचा तपासनीस बोलावला. त्यानं दोन्हीकडची पानं पाहिली आणि थोरलीच्याच झाडाचं एक पान उजेडात धरलं. चंदेरी रेघेच्या कडेकडेनं फोड उठले होते.

"मोरचूद रोगाला पानावर अडवतं," तो म्हणाला. "पण अळीनं पान उघडं पाडलं की रोग थेट आत शिरतो. तिथं तुमचा फवारा पोचत नाही. ही झाडं तोडून जाळावी लागतील."

"आणि तिची?"

"तिकडं पोखरलेली पानं नाहीत, रोग थोडका आहे. ती वाचतील."

"तक्रार मी केली आणि कुऱ्हाड माझ्याच झाडांवर?" थोरलीचा आवाज चिरकला.

धाकटी कुंपणापाशी येऊन ऐकत होती. थोरली तिच्यावर घसरली. "तुला दिसत होती ना अळी? मग सांगायला काय झालं होतं?"

"ताई, मला पानं कुरवाळण्यापलीकडे काही येत नाही."

"आणि तुझ्या झाडांना मोरचूद? तेही मारता येत नव्हतं?"

धाकटीनं मान फिरवली. "ते तुमचं काम होतं."

दोन शहाण्यासुरत्या बायका! आपापलं अर्धं काम उराशी धरून बसल्या आणि अर्धी बाग घालवली. अळी आणि रोग, ज्यांना बोलतादेखील येत नाही, त्यांचं मात्र एकमेकांशी झकास जुळलं.

झाडं तुटली, जळाली. थोरली रडली, आणि रडतानाही तपासनिसाच्या नावानं बोटं मोडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंप पाठीवर घेऊन कुंपणाच्या फटीतून पलीकडे घुसली. "बघत काय उभी राहिलीस? तू पानं चाळ. फवारा माझ्याकडे."

धाकटी हलली नाही. तिनं जवळच्या झाडाची कोवळी फांदी वाकवून थोरलीच्या पुढ्यात धरली.

"पंप ठेवा खाली. आधी पानं चाळायला शिका."

थोरलीच्या ओठांवर शब्द आले होते, चांगले सणसणीत. तिनं ते गिळले आणि पंप उतरवला. "कुठं दाबायचं, ते तरी सांगशील?" ती गुरगुरली, आणि पान निळ्या नखांच्या चिमटीत धरलं.