खुराड्याची खिडकी

न्युरेम्बर्गजवळच्या त्या खेड्यात आल्यापासून सुलेखाचं आणि खिडक्यांचं कधी पटलं नाही. नवरा उवे कडाक्याच्या थंडीतही रोज सकाळी घरभर खिडक्या उघडत जायचा आणि ती पाठोपाठ लावत यायची. यंदा डिसेंबरात तो खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात पडला आणि वृद्धाश्रमातली ड्यूटी करून त्याच्या मिनोर्का कोंबड्या सांभाळणं तिच्या गळ्यात आलं.

कोंबड्यांचं मूळ स्पेनच्या एका बेटावरचं. काळ्याभोर, कानाच्या पाळ्या पांढऱ्याशुभ्र, तुरा तळहाताएवढा. उवेच्या वडिलांपासून हे वाण घरात होतं. अंडी मोठी, पण खुडूक काही बसायच्या नाहीत. अंडी मशीनमध्ये उबवावी लागत. मशीन बघायचं, पाणी बदलायचं, शीट खरवडायची, यात सुलेखाची कंबर मोडली होती. शेवटी उवेनं कळपातल्या कोंबड्याकडे बोट दाखवून कबूल केलं होतं, "या कोंबड्याला एकदा प्रदर्शनात उभा करतो, मग सगळा कळप कोंबड्या पाळणाऱ्यांच्या मंडळाला देऊन टाकतो."

मंडळातले लोक कोंबड्याला नेणार होते ते प्रदर्शन आठवड्यावर आलं आणि पारा उणे बारावर गेला. तिला जिवांची दया आली. तिनं खुराड्याची खिडकी घट्ट लावली, फटीत जुनी चादरही कोंबली. दोन रात्रींत कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली.

हॉस्पिटलात तिनं मोबाइलमधला फोटो उवेपुढे धरला. त्यानं तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"खिडकी लावलीस?"

"लावली. काय थंडी होती."

"नुसत्या थंडीनं नाही होत हे. श्वासाची वाफ आत कोंडते, मग तुरा ओला होऊन गोठतो."

"मला काय ठाऊक? आमच्याकडे थंडी वाजली की खिडकी लावतात."

उवे हसला आणि लगेच कण्हला.

"आता हा प्रदर्शनात चालायचा नाही ना?"

"नाही. पण याच्या पिल्लांना काही होत नाही. मार्चमध्ये अंडी मशीनमध्ये घालू. पुढच्या वर्षी याचाच मुलगा उभा करू."

"म्हणजे आणखी एक वर्ष."

"गेनाऊ, अगदी बरोबर. मग नक्की देऊन टाकतो."

कळप आत्ताच देऊन टाक, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण प्रदर्शन हुकलं होतं तिच्यामुळे, आता कुठल्या तोंडानं बोलणार?

"मार्चपर्यंत तुला धड चालता येणार नाही," ती म्हणाली. "ती अंडी बघणार कोण?"

उवे तिच्याकडे पाहत राहिला.

"बघतोस काय," असं पुटपुटून ती उठली आणि कोट चढवू लागली.