दाराबाहेरचा बंधू

शिंपीकाका गावातल्या बंधुमंडळात शिरले ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आणि शिरले म्हणजे दारापर्यंतच. सर्वांत नव्या सदस्याने द्वारपाल व्हायचे, हातात काठी घेऊन सभागृहाच्या बंद दाराबाहेर उभे राहायचे आणि परवलीचा शब्द ऐकल्याशिवाय कोणाला आत सोडायचे नाही, असा मंडळाचा नियम. पुढचा नवा आला की आधीच्याची सुटका. पण काकांनंतर जे जे आले ते कोणाचे जावई, कोणाचे मेहुणे निघाले. त्यांना बाहेर कसे उभे करणार? बघता बघता सव्वीस वर्षे झाली.

"तुमचे हे बंधू सख्खे की सावत्र?" काकू विचारायच्या.

काका हसून घ्यायचे, पण बोच होतीच. आत खुर्चीत बसून एकदा सभा ऐकायची, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती.

परवलीचा शब्द दर वर्षी नवा ठरे, आणि शत्रूला कळू नये म्हणून इतका अवघड निवडत की महिन्याभरात बंधूच तो विसरत. औषधांचे दुकानदार असलेले अध्यक्ष धापा टाकत जिना चढून येत आणि काकांच्या कानाशी लागत, "काय हो तो यंदाचा?" काका कुजबुजत. अध्यक्ष तोच शब्द त्यांना खड्या आवाजात ऐकवत. मग काका गंभीर चेहऱ्याने काठी आपटून दार उघडत.

जिन्याखालच्या खोलीत चाकांच्या चार खुर्च्या आणि कुबड्यांचे नऊ जोड होते. संस्थापकांनी ते समाजसेवेसाठी घेतले होते. कोणाला आणि किती दिवस द्यायचे, हे ठरवायला एक उपसमिती नेमली होती. ती अजून विचार करत होती. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. उपसमितीसाठी थांबायला वेळ तर मुळीच नसतो. कोणाचा पाय मोडे, कोणाची आई अंथरुणाला खिळे. माणसे जिना चढून येत, आणि दाराबाहेर भेटत ते काका. ते नजरेनेच माप घेऊन खुर्ची किंवा कुबड्या काढून देत, जुन्या कोटाचे अस्तर लावून कुबडीला काखेशी गादी शिवत, परत आलेल्या खुर्चीच्या चाकांना तेल घालत. त्यांनी याची परवानगी कधी घेतली नव्हती. घेणार कशी? ती आत जाऊन मागावी लागते.

पंच्याहत्तराव्या वर्षी मंडळाने आपला इतिहास लिहायला काढला. चिटणीस, म्हणजे चौकातले चष्मेवाले, 'समाजसेवा' हे प्रकरण भरेना म्हणून गावभर विचारत फिरले. जो तो सांगू लागला, "मंडळाने आमच्या सासऱ्यांना खुर्ची दिली हो, फार उपकार!" प्रत्यक्ष कोणी दिली म्हणून विचारले, की सगळे दाराबाहेरच्या काकांचे नाव घेत. चिटणीस तडक काकांच्या दुकानात आले.

"हे सगळं तुम्ही केलंत?"

काकांच्या हातातली सुई थांबली. आता दारही जाणार, असे त्यांना वाटले. "चुकलं माझं."

"चुकलं काय! अहो, आठ पानं भरली!"

बक्षीस म्हणून काकांना आतली खुर्ची जाहीर झाली. काकूंनी कोटाला इस्त्री केली. "नीट ऐका, आणि घरी आल्यावर सगळं सांगा."

"ते गुप्त असतं."

"मग काय उपयोग?"

अखेर काका आतल्या गोटात आले. खुर्ची मऊ होती. पडदे निळे की करडे, यावर चाळीस मिनिटे चर्चा चालली. कापडातले कळणारा तिथे एकच माणूस होता. पण आत आलेल्याने पहिले वर्षभर बोलायचे नाही, असा नियम निघाला. नंतर इतिहासातल्या एका वाक्याचा वाद सुरू झाला: खुर्च्या 'दिल्या' की 'सन्मानपूर्वक दिल्या'?

तेवढ्यात दार वाजले. बाहेर नवा द्वारपाल नेमायचे राहूनच गेले होते.

"कोणी आहे का?" बाईचा आवाज आला. "वडिलांना उद्या दवाखान्यातून सोडतायत. खुर्ची मिळेल का?"

सभा चालू असताना दार उघडत नसत. काका अर्धे उठले.

"बसा हो," अध्यक्ष म्हणाले. "आता तुम्ही आतले."

काका बसले. पुन्हा दार वाजले. मग जिन्यावरून सावकाश उतरणारी पावले ऐकू आली. काका उभे राहिले.

"बाहेर गेलात तर ही खुर्ची राहणार नाही. नियम आहे."

"ठाऊक आहे. मी तो बाहेर उभा राहून पाठ केलाय."

दार उघडून ते जिन्याकडे धावले. "ताई, थांबा! वडील अंगानं कसे आहेत? बारीक की रुंद?"

आत दार लावून घेतले गेले. गरजूंना सन्मानपूर्वक खुर्च्या दिल्याबद्दल मंडळाचे अभिनंदन करणारा ठराव एकमताने मंजूर झाला. एक बंधू विनापरवानगी गैरहजर होता, अशी चिटणिसांनी खाली नोंद केली.