ब्रह्मांडमास्तरांचे दोन सेंटिमीटर

माझ्या मावशीचे यजमान शिंपी आहेत. दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘टेलर’ असलं तरी सगळी गल्ली त्यांना ब्रह्मांडमास्तर म्हणते, आणि काकांना ती पदवीच वाटते.

कागदी साचे कापायला ते जुनी विज्ञानमासिकं किलोवर विकत आणतात. कापण्याआधी वाचतात. त्यामुळे काही माहिती त्यांच्याकडे अर्धीच असते. उरलेली कुणाच्या तरी कॉलरच्या आकारात निघून गेलेली. आहे तेवढी मात्र ते सढळ हाताने वाटतात. गळ्याभोवती टेप असताना माणूस पळू शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

“ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, माहितीये?”

“अं,” गिऱ्हाईक हनुवटी वर धरून म्हणतं.

“आणि रक्त निळं. हात वर करा. वॉम्बॅट म्हणून एक प्राणी आहे, त्याची लेंडी चौकोनी असते.”

एकदा एका बाईंनी शर्ट कधी मिळेल म्हणून तिसऱ्यांदा विचारलं. काका म्हणाले, “शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, बाई.” बाई म्हणाल्या, “मग तिथेच शिवायला टाकलाय का तुम्ही?” आतल्या खोलीत बटणं लावणारी मावशी इतकी हसली की सुई बोटात गेली.

काकांचा एक नियम मात्र अख्ख्या गल्लीला पाठ होता: माप संध्याकाळी चारनंतर. कारण रात्रभर आडवं पडल्यावर माणूस सकाळी सेंटिमीटरभर उंच असतो आणि दिवसभरात तेवढाच आखडतो. “मणक्यांच्या मधल्या गाद्या दबतात,” काका समजावून सांगत. “अंतराळात तर माणूस पाच सेंटिमीटरपर्यंत वाढतो. तिथल्या पोशाखात वाढीची जागा ठेवावी लागते. ते माझ्याकडे आले असते तर मी आधीच सांगितलं असतं.”

पण गेल्या वर्षी गिऱ्हाइकंच कमी झाली. लोक तयार कपडे घ्यायला लागले. अशाच एका मोठ्या दुकानाने काकांना बोलावणं धाडलं: जिन्याखाली एक मशीन, लोकांच्या नव्या पँटी आखूड करून द्यायच्या, आणि अट एकच, गिऱ्हाइकाशी गप्पा नाहीत. काका दोन दिवस जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. मावशी मला म्हणाली, “काम करतील गं, पण गप्प बसून? पंधरा दिवसांत आजारी पडतील.”

तेवढ्यात चौकातल्या हॉटेलच्या मॅनेजरचा निरोप आला. वेटर लोकांचे नवे पोशाख हवेत. आधी सहा जणांचे शिवा; पसंत पडले तर उरलेल्या चौतीस जणांचे आणि पुढची सगळी कामं तुमची. नाही पडले तर तयार कपड्यांची कंपनी आहेच. थोडक्यात, ते सहा पोशाख नाही तर जिन्याखालचं मशीन.

अडचण एवढीच की वेटरना सवड फक्त सकाळी सातला. काकांनी नाइलाजाने मापं घेतली, पण शास्त्र सोडलं नाही.

“सकाळची मापं आहेत, एक सेंटिमीटर कमी करतो,” ते खडू उचलत म्हणाले. मग थांबले. “हे लोक बारा बारा तास उभे. जास्तच दबणार. दोन करतो.”

मी पडदे शिवायला टाकायला गेले होते. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. काकांच्या चेहऱ्यावर इतकं तेज होतं की मध्ये बोलायचं धाडस झालं नाही. सहाही पँटींच्या लांबीतून दोन दोन सेंटिमीटर गेले.

पोशाख द्यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला हेडवेटर तासाभराची सवड मागून आले. उंच, किडकिडीत गृहस्थ. कोट चढवला, तो अंगावर ओतल्यासारखा बसला. पँट घातली आणि ते आरशासमोर उभे राहिले. बुटांच्या वर त्यांचे पिवळे मोजे स्वच्छ दिसत होते.

“मास्तर, हे असंच असतं का?”

“अजून पुरते आखडला नसाल,” काका म्हणाले. “आज कितीला उठलात?”

“पाचला उठलोय हो. बसायलाच मिळालं नाही दिवसभर. आता आणखी आखडलो तर उद्या पायरी चढता येणार नाही.”

काकांनी टेप काढून कमरेपासून घोट्यापर्यंत लावला. वहीतला सकाळचा आकडा पाहिला. पुन्हा टेप लावला. आकडा तोच.

“अगं,” ते आत वळून म्हणाले, “ह्यांचा पाय आखडलाच नाही!”

“माफ करा मास्तर,” हेडवेटर ओशाळून म्हणाले.

मावशी सुई-दोऱ्यासकट बाहेर आली. “अहो, त्या गाद्या कुठे असतात म्हणालात?”

“मणक्यांत.”

“मणके कुठे?”

“पाठीत.”

“आणि पँट?”

काकांना गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. स्टुलावर बसून ते आपल्याच गुडघ्यांकडे बघत राहिले. हेडवेटरनी हळूच पँट बदलली आणि आवाज न करता निघून गेले.

मावशीने सहाही पँटींची तुरपाई उसवायला घेतली. पडदे न्यायला आलेल्या मलाही कात्री दिली. दुमडीतलं सगळं कापड बाहेर काढल्यावर लांबी पुरत होती, पण दुमडायला काही उरत नव्हतं. मग आतून त्याच रंगाच्या अस्तराची पट्टी जोडली. जुनी घडी पुसायला काकांनी व्हिनेगरच्या पाण्याचं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. अंधार पडायच्या आत काम झालं. बाहेरून कुणाला कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅनेजर आले. बुटके, टापटिपीचे, नजर करवतीसारखी. कोट पाहिले, खिसे पाहिले, काजं मोजली. मान हलली. मग त्यांनी एका पँटीचा पाय उलटा केला.

“ही पट्टी कसली?”

मावशी चटकन म्हणाली, “मजबुतीसाठी असते.”

“नाही,” काका म्हणाले. “चूक झाकण्यासाठी आहे.”

मावशीने डोळे मिटले. काकांनी सगळं सांगितलं: सकाळ, संध्याकाळ, गाद्या, दोन सेंटिमीटर. “माहिती खरी होती, साहेब. मी ती भलत्याच जागी लावली. आखडते पाठ, मी कापले पाय.”

मॅनेजरनी पँटीचा पाय पुन्हा सुलटा केला. “मागच्या कंपनीने पाठवलेल्या कोटांच्या बाह्या आखूड निघाल्या,” ते म्हणाले. “मी तक्रार केली. त्यांनी कळवलं, कोट बरोबर आहेत, तुमचे वेटर चुकलेत.” त्यांनी पँट नीट घडी करून ठेवली. “चौतीस जणांना उद्यापासून पाठवतो. पण मापं ह्या बाई घेतील. तुम्ही फक्त लिहून घ्यायचं.”

“बोलायला चालेल ना?” काकांनी विचारलं.

“बोला की. पण टेपला हात लावायचा नाही.” दारापर्यंत जाऊन मॅनेजर परत आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मास्तर, मला एक कोट हवाय. माझं माप सकाळीच घ्या. उठल्याउठल्या येतो.”

दुसऱ्या दिवशी सात वाजता दुकानात सहा वेटर ओळीने उभे. मावशीच्या हातात टेप, काकांच्या हातात वही, आणि पहिल्या वेटरला शार्क मासे झाडांपेक्षाही जुने असल्याची बातमी मिळालेली.

“लांबी एकशे चार,” मावशी म्हणाली.

काकांची पेन्सिल थबकली. “सकाळची धरायची की संध्याकाळची?”

“पायाची,” मावशी म्हणाली. “लिहा.”