मधल्या खोलीतली काचेची कौलं

अक्कांना एका जागी स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवतानाही अर्ध्या भाकरीवरून उठायच्या, मधल्या खोलीत डोकावून यायच्या आणि मग पुढचा घास मोडायच्या. या माझ्या थोरल्या जाऊबाई. लग्न होऊन मी शनिवार पेठेतल्या घरात आले, तेव्हा वाटलं, यांचं काहीतरी हरवलंय.

मधल्या खोलीला दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. खिडकी नाही. भर दुपारी दिवा लावावा लागे. अक्का तिथल्या भिंतींना सारख्या चुना लावायच्या. परसात पत्र्याचं झाकण तिरकं ठेवून मागच्या दारातून ऊन आत पाडायच्या. ऊन सरकलं की झाकण सरकवायला पुन्हा धावायच्या. म्हणायच्या, "हितं डोळं उघडलं काय आन् झाकलं काय, एकच की!"

मला दिवस गेले आणि त्यांची तगमग वाढली. मला आई नव्हती, बाळंतपण सासरीच होणार होतं, त्याच खोलीत. छपराला काचेची कौलं बसवूया, असा अक्कांनी धोशाच लावला. सासूबाई उडवून लावत, "बाळंतिणीला अंधारच बरा. वरनं नजर पडंल पोराला."

पावसाळ्याआधी कौलं परतायला माणूस आला. तो वर चढला तशी अक्कांनी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली काचेची दोन कौलं बाहेर काढली. "ही बसीव."

सासूबाई ओरडल्या, "खबरदार! मी अजून जित्ती हाय ह्या घरात!"

अक्कांनी कौलं छातीशी धरली. "आत्याबाई, माझं पोरगं पिवळं पडलेलं मला दिसलं न्हाय वो. दूध वडंना म्हणून नुसतं मांडीवर घिऊन बसलो. भायेर उजेडात नेलं तवा कळलं, आन् तवा उशीर झालता."

त्यांना मूल झालं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

वरचा माणूस हातातलं कौल धरून तसाच थांबला. सासूबाई मधल्या खोलीत येऊन छपराखाली उभ्या राहिल्या. मग वर बघून त्याला म्हणाल्या, "कोपऱ्यात नगं रं. मधोमध बसीव."

माझी मुलगी त्याच खोलीत झाली. रोज सकाळी अक्का तिला त्या उजेडात धरत, बोटाने हलकेच नाक दाबून कातडीचा रंग बघत. एका सकाळी त्यांनी तिला दुपट्यासकट उचललं. "ऊठ गं. दवाखान्यात जायाचं." मला तर काहीच वेगळं दिसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, कावीळ वाढत चालली आहे, वेळेवर आणलंत.

मुलगी बरी होऊन घरी आली, त्या दिवशी अक्का परसात जाऊन मोठ्याने रडल्या. सासूबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

पुढे मुलगी दहा-बारा वर्षांची झाली, तेव्हा भाऊजींना, म्हणजे अक्कांच्या नवऱ्याला, लांब बिद्रीकडे नोकरी लागली. सामान ट्रकमध्ये चढलं तरी अक्का घराबाहेर येईनात. बघते तर मधल्या खोलीत मान वर करून उभ्या. "काचंला शेवाळ धरतंय गं. पावसाआधी पुसून घेत जा."

अक्का बिद्रीला गेल्या, त्या उन्हाळ्यात कौलं परतणाऱ्या माणसाची वाट न बघता माझी मुलगीच शिडी लावून छपरावर चढली. फडकं फिरवता फिरवता वरून ओरडत होती, "आई, आता दिसतंय का गं नीट?"