यादीत न लिहिलेला किल्ट

विलासच्या सामानाची यादी मी खोटी केली.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. हे लिहायला बसलो त्याचं तेवढं एकच कारण नाही.

विलास माझा फ्लॅटमेट. दोह्यातल्या अल हिलाल भागात आम्ही पाच वर्षं एकत्र राहिलो. मूळचा संगमनेरचा, सर्व्हेअर. वर्ल्डकपसाठी सगळं दोहा उकरून ठेवलंय, त्यातल्याच एका रस्त्याच्या कामावर होता. मी एसीतला, डेस्कवाला.

विलास शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, किल्ट घालायचा.

स्कॉटलंडचे पुरुष घालतात तो, चुण्यांचा. पण चौकड्यांचा लोकरी नव्हे. खाकी, सुती, बाजूला खिसे असलेला. त्याच्या स्कॉटिश बॉसनं कायमचं परत जाताना दिलेला.

"आठवडाभर साइटवर अंगभर कव्हरऑल असतंच. एक दिवस पायांना हवा लागू दे की, राव."

नेटवर वाचून त्यानं नियम पाठ केले होते.

"बूट जड पाहिजे, पाटकर. खाली वजन नसलं तर माणूस उडाल्यासारखा दिसतो."

म्हणून जुने सेफ्टी बूट, पॉलिश केलेले. पट्टा चार बोटं रुंद. शर्ट साधा. डोक्यावर कापडी हॅट.

"हॅट घातली की बकल साधं. दोन्ही चमकवलं की झाला बँडवाला."

अडचण गुडघ्याची होती.

इथे बाहेर वावरताना गुडघे झाकलेले असावेत, अशी रीत. किल्ट गुडघ्यापाशीच संपतो. उभं असताना चालतं, बसलं की उघडं.

विलास आरशासमोर खुर्ची टाकून बसला आणि टेप लावली. "दोन इंच कमी. ज्यांच्या देशात राहतो त्यांचा मान ठेवायचा."

गावी जायची पुढची सुट्टी येईपर्यंत त्यानं तो बाहेर घातलाच नाही. सुट्टीवरून परतला तेव्हा किल्ट दोन इंच लांब झाला होता. कुणी केला, हे मी विचारलं नाही.

एकदा ग्रोसरीत पायघोळ पांढरा थोब घातलेल्या एका म्हाताऱ्या कतारी गृहस्थानं त्याला वरून खाली पाहिलं.

"हाफ थोब?"

"येस सर. बाकीचा हाफ शिवायला दिलाय."

म्हातारा इतका हसला की शेवटी काउंटरला टेकला.

मी मागे, बिस्किटांच्या रॅकपाशी, एकटाच आल्यासारखा उभा होतो. किल्ट असला की मी नेहमीच थोडा मागे असायचो. इथल्या मराठी मंडळातल्या एकानं विचारलं होतं, "तुझा तो घागरेवाला बरा आहे ना रे?" मी म्हणालो, "आम्ही फक्त फ्लॅट शेअर करतो."

विलास साइट ऑफिसात चहा पिताना गेला. हार्ट. बेचाळीस वय.

इथे कुणी गेलं की सामान रूममेट बांधतो. त्याच्या कंपनीनं यादी मागितली, खाली माझी सही.

याद्या मला चांगल्या जमतात. मी मोज्यांच्या जोड्या मोजल्या. चष्म्याच्या घराचा रंगसुद्धा लिहिला. बूट, पट्टा, हॅट, सगळं लिहिलं. त्यांना कुणी हसत नाही.

किल्ट माझ्या कपाटात ठेवला.

बॅग उघडेल तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, कुणीतरी तो वर धरेल आणि विचारेल, हे काय? विलासची बायको, वहिनी, काय सांगतील? मला वाटलं, मी विलासची अब्रू राखतोय.

त्याची की माझी, हे अजूनही नक्की सांगता येत नाही.

महिन्यानं वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, सामान पोचलं. यादीप्रमाणे सगळं आहे. फक्त त्यांचा किल्ट नाही."

मी कपाटाकडे पाहिलं.

"खाकी. खालची पट्टी मीच उसवून, लांबी वाढवून, हातानं परत घातली होती. चुण्या मोडू नयेत म्हणून दोन दिवस लागले. बसून दाखवा, उठून दाखवा, असं करत."

तेव्हा सांगता आलं असतं. वहिनींना लाज वाटेल, ही माझी समजूत तर तिथेच संपली होती. पण यादीवर माझी सही होती.

मी म्हणालो, "दिसला नाही, वहिनी. कुणाला तरी देऊन टाकला असेल."

"देऊन टाकला?"

"असेल."

"बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढे इथेही कुणी विचारलं की मी तेच सांगत गेलो. सांगून सांगून ते खऱ्यासारखं येऊ लागलं.

पुढच्या आठवड्यात मी सुट्टीवर निघतोय. आज सकाळी वहिनींना फोन करून सगळं सांगितलं. कारणं द्यायला लागलो तेव्हा त्यांनी थांबवलं.

"भाऊजी, वर्षभर मी त्यांच्यावर रागावलेय. एवढं जीव लावून केलं आणि मला न विचारता देऊन टाकलं, म्हणून. फोटोसमोर उभी राहून बोललेय मी त्यांना."

मग म्हणाल्या,

"तुम्ही किल्ट ठेवून घेतलात, ते एक वेळ मी विसरेन. हे दुसरं कसं विसरू?"

माफ करा, म्हणालो. त्या एवढंच म्हणाल्या, "तिथं ज्यांना ज्यांना तसं सांगितलंत, त्यांनाही खरं सांगा. आणि तो घेऊन या."

म्हणून ही पोस्ट.

विलासनं बायकोनं हातानं लांब करून दिलेला किल्ट कुणालाही दिला नव्हता. शेवटच्या शुक्रवारीही त्यानं तो घातला होता आणि संध्याकाळी चुणी न् चुणी बसवून, घडी घालून ठेवला होता. मी पाहिलं होतं.

विलास, तुला मनापासून श्रद्धांजली.