चित्रातली शेकोटी

नागपुरातली डिसेंबरची सकाळ. कॅफेच्या काचेला बाहेरून दोन तळवे टेकले होते. आत हीटर चालू असला की काच कोमट होते, हे नारायणभाऊंना, त्या म्हाताऱ्या हमालाला, बरोबर कळलं होतं.

हा कॅफे म्हणजे पूर्वीचा जकात नाका. जकात बंद झाली, कारकून गेले, छप्पर गळू लागलं आणि शहरानं जागेला पडीक म्हटलं. आपण जिथं जात नाही ती जागा आपल्या लेखी पडीकच. हमाल मात्र कित्येक हिवाळे तिथंच शेकोटी पेटवून उजाडायची वाट बघत बसायचे.

या जागेचा आर्किटेक्ट मी. आराखड्यासोबत मी ती शेकोटी आणि भोवतीची माणसं रंगवून दिली होती. 'जागेत जीव आहे,' असं म्हणत महापालिकेच्या निवड समितीनं काम मला दिलं. पुढे चित्र फ्रेम होऊन आत लागलं आणि दारावर पाटी आली: 'येथे जाळ करू नये.'

मी हातातल्या कॉफीसकट बाहेर गेलो. नारायणभाऊ काचेतून चित्र न्याहाळत होते.

"साहेब, कानाले मफलर बांधलेला तो मीच ना?"

"हो, तुम्हीच."

"मंग तो आत, अन् मी बाहेर काहून?"

मी कप पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. हात काखेत दाबून ते निघून गेले.

काचेवर त्यांच्या तळव्यांचे ठसे उमटले होते. कुणीतरी लगेच फडकं घेऊन आलं. काच सतत लख्ख हवी, ही सूचना माझीच होती.