गुरुवारचं दळण

मी दारू सोडल्याचा सोहळा आमच्या घरात चारदा झाला. एकदा माळ घातली, एकदा भंडारा उचलला आणि दोनदा पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. चौथी शपथ मोडली ती त्याच पोरीच्या लग्नात, अख्ख्या वऱ्हाडासमोर. दुसऱ्या दिवशी बायको तोंड सोडणार म्हणून मी मान खाली घालून तयारीत बसलो होतो. ती कणीक मळता मळता एवढंच म्हणाली, "आता शपथ घिऊ नका. देवाला तरी किती तरास द्यायचा?"

फौजेत मी वीस वर्षं गाडी चालवली, पण इतका जोराचा तडाखा मला कुणी दिला नव्हता. माझ्यावरचा तिचा भरवसाच उडाला होता. मग ठरवलं, या खेपेला तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. सुटली तर तिला दिसेलच, आणि नाहीच सुटली तर निदान पाचवा तमाशा तरी टळेल.

आष्ट्याच्या स्टँडवर भिंतीला एक कागद चिकटवला होता, 'दारू सोडायची आहे?' म्हणून. खालच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या माणसानं ना नाव विचारलं, ना गाव. आमच्याकडं चुकून लागलेल्या फोनवरसुद्धा गाव कुठलं, कुणाचं पाव्हणं, हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत! मला वाटलं, हा फसवणुकीचाच धंदा. तो म्हणाला, "गुरुवारी पाचला या. गिरणीच्या मागं शाळा हाय, तिथली पयली खोली."

गुरुवारी गिरणीपाशी पोचतो तर समोर साडू उभा.

"आवं, हिकडं कुठं?"

"दळण."

"कुठं हाय दळण?"

माझे दोन्ही हात मोकळे. "घरीच ऱ्हायलं," म्हटलं आणि आल्या पावली माघारी फिरलो.

पुढच्या गुरुवारी मात्र घरातनं गव्हाचा डबा उचलला. बायकोनं विचारलं, "गावातली गिरणी सोडून आष्ट्याला?" म्हटलं, गावातली लय जाडं काढती. ती "बरं" म्हणाली. मी स्वतःवरच खूश झालो.

गिरणीवाला म्हणाला, तासाभरानं या. मला तासच हवा होता. खोलीत पोरांची बुटकी बाकडी, त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले सात बाप्ये, आणि चहाची किटली. एकेक जण उठायचा, "मी दारुडा हाय," म्हणायचा आणि आपलं सांगायचा. एक जण म्हणाला, "मी पिऊन आलो की बायकोला कायबी बोलायचो न्हाई. समदं म्हशीला सांगायचो. शेवटी म्हस आटली." सगळे खो खो हसले, तोही हसला. माझी पाळी आली. म्हटलं, "मी आज ऐकतो." आज कसला, पाच गुरुवार मी नुसता ऐकतच होतो.

पण दळण थांबेना. घरात खाणारी तोंडं दोन. गहू झाले, जोंधळे झाले, तांदूळ झाले, हरभऱ्याची डाळ झाली. "आता काय मीठ दळून आणताय?" बायको म्हणाली. त्यात गावातला गिरणीवाला तणतणत दारात आला. "वहिनी, माझ्या गिरणीत काय वाळू निघती व्हय?" मी आत दडलो. बायको म्हणाली, "तसं न्हाई वो. यांचं दात हलाय लागल्यात, बारीक पीठ लागतंय." माझे दात ठणठणीत. पण मी हुश्श केलं.

सहाव्या गुरुवारी चुलतभावानं मळ्यात मटणाचा बेत केला. मटणासोबत काय असतं ते सांगायला नको. दुपारपासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. हळूच म्हटलं, "आज दळायला काय न्हाई. आष्ट्याला जात न्हाई." बायकोनं आतनं डबा आणून माझ्यापुढं ठेवला. "हाय की. जावा." डबा चांगला जड होता. मी चरफडत निघालो.

गिरणीवाल्यानं झाकण काढलं आणि माझ्याकडं बघत राहिला. "फौजी, ह्ये दळायचं?"

डबा शंकरपाळ्यांनी काठोकाठ भरला होता. मीच आणलेल्या कणकेच्या. मला तिथंच रडू फुटलं, गिऱ्हाइकांच्या देखत. डबा उचलला आणि थेट खोलीत गेलो. पाळीची वाटसुद्धा बघितली नाही. म्हटलं, "मी दारुडा हाय. आन् माझ्या बायकोला सगळं ठावं हाय." पुढं पाऊण तास बोलत होतो.

घरी आल्यावर रिकामा डबा तिच्यापुढं ठेवला.

"तुला कवा कळलं?"

"पयल्याच दिवशी. बत्तीस वर्सांत कवा दळण आणलं हुतं का तुमी? दुसऱ्या गुरुवारी मागनं आले. खिडकीतनं बघितलं, बाकड्यावर बसला हुता."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी तरी कुठं बोलला?" डबा विसळत ती म्हणाली. "पुढच्या खेपंला भाजणी देते, ती तेवढी खरंच दळून आणा. चकल्या करायच्यात. किती जण असता?"

"माझ्यासकट आठ."

"नऊ जणांच्या करते," ती म्हणाली. "कुणीतरी नवीन येईल की."